रानातील विषारी अळंबी, विषबाधा आणि उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रानातील अळंबी खाल्ल्यानंतर उलट्या-जुलाब सुरू झाले आहेत. घरच्यांनी सर्वांत आधी काय करावे?

रुग्णालयात निघावे. त्रास किरकोळ वाटला तरी वाट पाहू नये. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि ती पोहोचायला वेळ लागणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने निघावे. सोबत उरलेली कच्ची अळंबी आणि उरलेली भाजी घ्यावी. भाजी संपली असेल, तर साफ करताना काढून टाकलेले देठ आणि तुकडे कचऱ्याच्या डब्यातून वेचून घ्यावेत. शिवाय एका कागदावर दोन वेळा लिहून घ्याव्यात: अळंबी किती वाजता खाल्ली आणि पहिली उलटी, कळ किंवा जुलाब किती वाजता झाला. डॉक्टरांच्या दृष्टीने हा कागद एखाद्या तपासणीच्या अहवालाइतकाच मोलाचा असतो.

घशात बोट घालून किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. रुग्ण गुंगीत असेल तर उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते आणि मिठाच्या पाण्याने रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडते. दूध, ताक, तूप किंवा लिंबूपाणी हा या विषावरचा उतारा नव्हे. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या देऊ नयेत, कारण त्यामुळे विष आतड्यात अधिक काळ राहते. पोटदुखी किंवा अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल देणेही टाळावे, कारण ज्या यकृतावर घाला पडण्याची शक्यता आहे त्याच यकृतावर त्याचा भार पडतो.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो. त्यावर घरचे लोक फोन करू शकतात, तसेच प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरही सल्ला घेऊ शकतात.

डॉक्टर पुन्हा पुन्हा "किती वाजता खाल्ले" असे का विचारतात?

कारण या विषबाधेत सर्वांत विश्वासार्ह खूण घड्याळ देते. बहुतेक विषारी अळंबी खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून तीन-चार तासांत मळमळ, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. रुग्ण बेजार होतो. पण सलाइन आणि विश्रांती मिळाली की यांपैकी बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत सावरतात. याउलट जेवण रात्री आठला झाले, रुग्ण निवांत झोपला आणि पहाटे चारला पोटात मुरडा येऊन पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, तर ही प्राणघातक विषबाधा आहे असे गृहीत धरूनच उपचार सुरू करावे लागतात. खाणे आणि पहिला त्रास यांत सहा तासांहून अधिक अंतर पडले असेल, तर यकृत नष्ट करणाऱ्या अमाटॉक्सिन गटाच्या विषाचा संशय घेतला जातो. हे अंतर साधारण सहा ते बारा तासांचे असते, क्वचित चोवीस तासांपर्यंत लांबते.

सर्वसामान्य समज नेमका याच्या उलट आहे. "विषारी असती तर लगेच कळले असते, रात्रभर काही झाले नाही म्हणजे अळंबी चांगली होती," असे म्हणून पहाटेच्या जुलाबांचा दोष पाण्याला किंवा शिळ्या भाताला दिला जातो. त्यातच पावसाळ्यात प्रत्येक दवाखान्यात उलट्या-जुलाबांचे रुग्ण रांगेने बसलेले असतात. अळंबीचा उल्लेख झाला नाही, तर डॉक्टरही साध्या जुलाबांचे औषध देऊन रुग्णाला घरी पाठवू शकतात. म्हणून विचारले नाही तरी सांगावे. कालच्या किंवा परवाच्या जेवणात अळंबी असली तरीही सांगावे.

एक सावधगिरी मात्र हवी. एकाच टोपलीत दोन-तीन जातींची अळंबी मिसळलेली असू शकते. तेव्हा त्रास लवकर सुरू झाला म्हणून धोका टळला, असा निष्कर्ष काढता येत नाही.

उलट्या-जुलाब थांबले आहेत आणि रुग्ण बसून बोलतो आहे. आता घरी नेले तर चालेल का?

नाही. या संपूर्ण पानातील एकच उत्तर लक्षात ठेवायचे असेल, तर ते हे ठेवावे.

अमाटॉक्सिनची विषबाधा टप्प्याटप्प्याने पुढे सरकते. पहिले काही तास काहीच जाणवत नाही. त्यानंतर साधारण दिवसभर उलट्या, पोटात कळा आणि भाताच्या पेजेसारखे पातळ जुलाब होतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णाला एकदम बरे वाटू लागते. तो खाटेवर उठून बसतो, पेज मागतो, लावणी राहिली आहे म्हणून घरी जाण्याची घाई करतो. नातेवाईकांच्या चेहऱ्यावर हसू येते. नेमके त्याच वेळी प्रयोगशाळेतून आलेला कागद वेगळेच सांगत असतो: आदल्या दिवशी दोन आकडी असलेली एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) आता चार आकडी झालेली असते आणि रक्त गोठण्याचा वेळ लांबू लागलेला असतो. पोट शांत झालेले असते आणि यकृताच्या पेशी मात्र मरत असतात. त्यानंतर, म्हणजे तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास, कावीळ, हिरड्यांतून किंवा सुई टोचलेल्या जागेतून रक्तस्राव, बरळणे, गुंगी आणि मूत्रपिंडे निकामी होणे अशी मालिका सुरू होते.

मधल्या फसव्या टप्प्यात स्वतःच्या जबाबदारीवर सही करून घरी गेलेला रुग्ण परत येतो, तेव्हा उपचाराचे सर्वांत मौल्यवान तास हातचे गेलेले असतात. खर्चाची काळजी, घरी एकटी राहिलेली मुले, खोळंबलेली शेतीची कामे ही सगळी कारणे खरी आणि समजण्यासारखी आहेत. तरीही घरी सोडण्याचा निर्णय यकृताच्या आणि रक्त गोठण्याच्या ओळीने केलेल्या तपासण्या पाहूनच झाला पाहिजे. रुग्णाला कसे वाटते, यावरून तो करता येत नाही.

हे विष शरीरात नेमके काय करते?

अमाटॉक्सिनमधील मुख्य घटक अल्फा-अमानिटिन हा आहे. पेशीला प्रथिने बनवण्यासाठी डीएनएवरील सूचनांची नक्कल करावी लागते आणि हे काम आरएनए पॉलिमरेज-२ नावाचे विकर करते. अल्फा-अमानिटिन या विकराला चिकटून त्याचे काम बंद पाडते. नवी प्रथिने बनत नाहीत, जुनी संपत जातात आणि पेशी मरते. हे काम सावकाश होते, म्हणूनच लक्षणे उशिरा दिसतात. ज्या पेशी सतत आणि वेगाने प्रथिने बनवतात, त्यांना पहिला फटका बसतो. सुरुवातीला आतड्याच्या अस्तराचे आणि नंतर यकृताचे नुकसान होते, ते यामुळेच.

शिवाय यकृतातून पित्तात उतरलेले विष आतड्यात येते आणि तेथून शोषले जाऊन पुन्हा यकृतात पोहोचते. हा फेरा तोडणे हे उपचाराचे एक मोठे सूत्र आहे. प्राणघातक मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम इतकी कमी मानली जाते. डेथ कॅप या नावाने जगभर ओळखली जाणारी अमानिटा फॅलोइडिस ही अळंबी भरात वाढलेली असेल, तर एकच छत्री प्रौढ माणसाचा जीव घेऊ शकते.

चांगली उकळून पाणी फेकून दिले, तळली किंवा वाळवली तर विष निघून जाते ना?

अमाटॉक्सिन जात नाही. ते उकळण्याने, तळण्याने, वाळवण्याने किंवा फ्रीजमध्ये गोठवण्याने नष्ट होत नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात लिओन्गाथा येथे जुलै २०२३ मध्ये एका घरगुती जेवणात डेथ कॅप घातली गेली. जेवण ओव्हनमध्ये भाजलेले होते, तरीही जेवणाऱ्या चार पाहुण्यांपैकी तिघांचा मृत्यू झाला. हे विष चवीवरूनही कळत नाही. वाचलेले अनेक रुग्ण सांगतात की भाजी चविष्ट झाली होती.

चांदीचा चमचा, लसूण, गोगलगाय... जुन्या कसोट्यांत काही तथ्य आहे का?

एकाही कसोटीत नाही. भाजीत टाकलेला चांदीचा चमचा किंवा नाणे काळे पडले तर ते गंधकयुक्त घटकांमुळे पडते, या विषामुळे नाही. लसूण किंवा तांदळाचा रंग बदलण्याचीही तीच गत आहे. किडे, गोगलगायी किंवा खारी जी अळंबी खातात ती माणसाला चालते, हा समज विशेष घातक आहे, कारण त्यांच्या शरीराची घडण वेगळी असते आणि अमाटॉक्सिन असलेल्या अळंबीवरही अळ्या आनंदाने वाढतात. टोपीची साल सुटते का, झाड कोणते आहे, रंग भडक आहे का, या गोष्टींनीही काही ठरत नाही. डेथ कॅप फिकट हिरवट-पिवळी, साधी आणि देखणी असते, तर तिच्याच कुळातील काही जाती शुभ्र पांढऱ्या असतात.

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या रानातील अळंबी खाल्ली जाते. आम्ही ती ओळखतो. आम्हाला कसला धोका?

हे ज्ञान खरे आहे आणि ते मोडीत काढण्याचा येथे हेतू नाही. विदर्भात सात्या आणि टेकोडे, कोकणात अळंबी, गोव्यात वारुळावर उगवणारी रोयणीची अळमी यांची वाट लोक वर्षभर पाहतात. वाळवीच्या वारुळातून उगवणाऱ्या टर्मिटोमायसिस कुळातील या अळंबीचा देठ जमिनीत मुळासारखा खोल गेलेला असतो. जाणकार माणूस ती उपटताना हाताला लागणाऱ्या या लांब शेपटीवरूनच तिला ओळखतो. अडचण येते ती माहीतगार माणसाऐवजी दुसऱ्या कोणी टोपली भरली, अळंबी देठ कापून आणली किंवा छत्री उघडण्यापूर्वीच्या कोवळ्या कळ्या गोळा केल्या की.

कोवळ्या अवस्थेची गोष्ट नीट समजून घ्यावी. अमानिटा कुळातील अळंबी जमिनीतून वर येते तेव्हा ती पातळ पडद्यात गुंडाळलेल्या अंड्यासारखी दिसते. खाण्याजोग्या पांढऱ्या गोळ्यासारखी बुरशी आणि हे "अंडे" वरून सारखेच दिसतात. सुरीने वरपासून खालपर्यंत उभे चिरले, तर खाण्याजोग्या कोवळ्या गोळ्याचा गाभा पनीरसारखा एकसंध पांढरा निघतो. अमानिटाच्या चिरेत मात्र चिमुकली टोपी, तिच्या खालच्या पट्ट्या आणि देठ यांची रेषाकृती स्पष्ट दिसते. ही आकृती दिसली तर ती अळंबी खाऊ नये. मात्र आकृती दिसली नाही म्हणून अळंबी सुरक्षित ठरत नाही. मोठ्या अमानिटाच्या बुडाशी पिशवीसारखा कोष असतो. तो मातीत राहतो, त्यामुळे अळंबी वरच्या वर खुडली तर सर्वांत महत्त्वाची खूण मागेच राहून जाते.

अनुभवी लोकांकडूनही चूक होते, याची साक्ष ईशान्य भारत देतो. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात, मुख्यतः चहाच्या मळ्यांतील वस्त्यांमध्ये, रानातील अळंबी खाऊन १३ जणांचा मृत्यू झाला. त्याआधी एप्रिल २०२० मध्ये मेघालयातील पश्चिम जैंतिया हिल्स जिल्ह्यातील लामिन गावात ६ जण दगावले. हे लोक रानभाज्यांवर वाढलेले होते, नवखे नव्हते.

डेथ कॅप महाराष्ट्रात उगवते का?

ती ओक, पाइन यांसारख्या झाडांच्या मुळांशी सहजीवनाने वाढते, त्यामुळे कोकणातील किंवा विदर्भातील रानात ती आढळण्याची शक्यता कमी आहे. पण त्यावरून निश्चिंत होऊ नये. अमानिटा कुळातील इतर जाती सह्याद्रीत आढळतात आणि अमाटॉक्सिन केवळ अमानिटातच नसते. लेपिओटा आणि गॅलेरिना या कुळांतील काही लहान, तपकिरी, बिनमहत्त्वाच्या दिसणाऱ्या छत्र्यांमध्येही ते असते.

आपल्याकडे बागा, हिरवळी आणि मैदानांत पावसानंतर उगवणारी क्लोरोफायलम मोलिब्डाइट्स ही मोठी पांढरी छत्री मात्र सर्रास दिसते. तिच्या टोपीवर तपकिरी खवले असतात आणि वाढल्यावर खालच्या पट्ट्या हिरवट होतात. ती खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोरदार उलट्या-जुलाब होतात. मोठी माणसे सहसा त्यातून बरी होतात, पण लहान मुले आणि वृद्ध यांच्या शरीरातील पाणी झपाट्याने कमी होऊन प्रकृती गंभीर होऊ शकते.

रुग्णालयात कोणते उपचार केले जातात?

पहिला उपचार सलाइनचा, आणि त्याला कमी लेखू नये. जुलाबांतून गेलेले पाणी व क्षार भरून काढले आणि लघवी भरपूर होत राहिली, तर मूत्रपिंडे विषाचा मोठा भाग बाहेर टाकतात. रक्तातील साखर वारंवार तपासली जाते, कारण आजारी यकृत साखर राखू शकत नाही. उशिराने त्रास सुरू झालेल्या रुग्णाला सक्रिय कोळशाची पूड पाण्यात कालवून दिली जाते. प्रौढांसाठी पहिली मात्रा सहसा ५० ग्रॅमची असते आणि त्यानंतर दर काही तासांनी ती पुन्हा देतात, म्हणजे पित्तातून आतड्यात उतरणारे विष तेथेच अडकते. हा औषधी कोळसा असतो. चुलीतला कोळसा कुटून देऊ नये.

यकृताच्या रक्षणासाठी एन-असेटिलसिस्टीन शिरेतून दिले जाते. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर हेच औषध वापरतात, त्यामुळे ते जिल्हा पातळीवर मिळण्यासारखे असते. त्याची रूढ पद्धत २१ तासांची आहे: दर किलो वजनामागे पहिल्या तासात १५० मिलिग्रॅम, पुढील चार तासांत ५० आणि त्यापुढील सोळा तासांत १००. या विषबाधेत ते बहुधा त्यापुढेही चालू ठेवतात. सिलिबिनिन हे मिल्क थिसल नावाच्या काटेरी वनस्पतीपासून मिळवलेले औषध विषाला यकृताच्या पेशीत शिरण्यापासून अडवते. युरोपात ते शिरेतून देतात. भारतात ते इंजेक्शन सहज मिळत नाही, त्यामुळे काही डॉक्टर सिलिमरिनच्या गोळ्या देतात. मोठ्या मात्रेतील पेनिसिलिन-जी याच हेतूने दीर्घकाळ वापरले गेले आहे.

या सगळ्यासोबत एसजीपीटी, बिलिरुबिन (काविळीचे प्रमाण), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम) आणि विशेषतः आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) या तपासण्या दर सहा ते बारा तासांनी केल्या जातात. आयएनआर एकदा ठीक आला म्हणून काळजी संपत नाही. तो चढतो आहे की उतरतो आहे, हे पाहायचे असते. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी रुग्णाला मोठ्या रुग्णालयात रेफर केले, तर ते वेळेवर केलेले योग्य काम आहे असे समजावे आणि चालतो-बोलतो आहे तोवरच रुग्णाला हलवावे.

या विषावर खात्रीचा उतारा आहे का?

सापाच्या विषावर जशी लस आहे, तसा उतारा अद्याप नाही. इंडोसायनिन ग्रीन हा वैद्यकीय तपासण्यांत वापरला जाणारा रंग उंदरांमध्ये उपयोगी ठरल्याचे संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांसाठी तो अजून रूढ उपचार झालेला नाही. आज जीव वाचतात ते लवकर आलेल्या रुग्णांचे, सलाइन, कोळसा आणि एन-असेटिलसिस्टीन वेळेवर मिळाल्यामुळे.

यकृत प्रत्यारोपणाची वेळ कधी येते?

आयएनआर वेगाने वाढत असेल, रुग्ण बरळू लागला असेल, रक्तातील लॅक्टेट वाढले असेल आणि मूत्रपिंडेही कोलमडत असतील, तेव्हा. किंग्ज कॉलेज निकषांनुसार, पॅरासिटामॉलव्यतिरिक्त अन्य कारणाने यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णात आयएनआर ६.५ च्या वर जाणे आणि सोबत गुंगी असणे हे प्रत्यारोपणाचे लक्षण मानतात. पण तेथवर थांबून चर्चा सुरू केली, तर उशीर होतो. महाराष्ट्रात मृत दात्यांच्या अवयवांचे वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत होते. दाता वेळेत मिळेलच असे नसते, म्हणून अनेकदा जवळच्या नातेवाइकाच्या यकृताचा भाग घेतला जातो. त्यासाठी दात्याच्या तपासण्यांना वेळ लागतो. रुग्ण शुद्धीवर असतानाच डॉक्टरांनी हा विषय काढला, तर त्याचा अर्थ त्यांनी आशा सोडली असा घेऊ नये.

प्रत्येक विषारी अळंबी यकृतावरच परिणाम करते का?

नाही. इनोसायबी कुळातील काही अळंबीमधील मस्करीनमुळे पंधरा मिनिटे ते दोन तासांत दरदरून घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी आणि मंद नाडी अशी लक्षणे दिसतात. त्यावर अट्रोपीन हे नेमके औषध आहे. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेल्या अमानिटा मस्कॅरियाने भ्रम, झिंग आणि झटके येतात; तिथे नावातील साम्य पाहून अट्रोपीन देणे चूक ठरते. गायरोमित्रा या थंड प्रदेशातील अळंबीने झटके येतात आणि त्यांवर पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ जीवनसत्त्व, शिरेतून देतात.

कॉर्टिनेरियस कुळातील काही अळंबीतील ओरेलॅनिन सर्वांत चकवणारे आहे. त्याने मूत्रपिंडे निकामी होतात, पण खाल्ल्यानंतर कित्येक दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी. १९५२ मध्ये पोलंडमध्ये शंभराहून अधिक लोकांना या अळंबीची बाधा झाली, तेव्हा कारण शोधून काढणे कठीण गेले, ते या लांबलेल्या अंतरामुळेच.

अळंबी खाल्ल्यावर दारू घेतली तर?

कॉप्रिनॉप्सिस अट्रामेंटारिया या शाईसारखी विरघळणाऱ्या अळंबीतील कॉप्रीन दारूच्या पचनात अडथळा आणते. चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या असा त्रास अळंबी खाल्ल्यानंतर पाच दिवसांपर्यंत कधीही दारू घेतली तरी होऊ शकतो.

सगळ्यांनी एकाच भांड्यातील भाजी खाल्ली, त्रास एकालाच होतो आहे. बाकीच्यांनीही जावे का?

होय, सर्वांनी, त्याच गाडीतून. कोणाच्या ताटात किती तुकडे आले, हे कोणालाच माहीत नसते. त्रास नसलेल्यांची रक्ततपासणीही करावी. लहान मुलांचे वजन कमी असल्याने तीच मात्रा त्यांना अधिक घातक ठरते.

मुलाने अंगणातील छत्री तोंडात घातली. काय करावे?

तोंडातील तुकडे बोटाने हळूच काढून चूळ भरायला लावावी. जिथून तोडली तेथील आणखी एक-दोन छत्र्या बुडापासून मातीसकट खणून काढाव्यात आणि विष माहिती केंद्राला किंवा डॉक्टरांना लगेच विचारावे. मूल खेळते आहे म्हणून दुर्लक्ष करू नये.

अळंबीचा नमुना कसा न्यावा?

कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात. प्लास्टिकच्या पिशवीत ती तासाभरात घामेजून सडते आणि ओळखता येत नाही. टोपी, खालच्या पट्ट्या, देठ आणि बूड असे चारही भाग हवेत. मोबाइलवर वरून, खालून आणि ती उगवली त्या जागेचा असे फोटो काढावेत. हाताशी एखादी जास्तीची टोपी असेल, तर ती पट्ट्यांची बाजू खाली करून, अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कागदावर येईल अशी ठेवावी व वर वाटी पालथी घालावी. काही तासांत बीजाणूंचा ठसा उमटतो. काळ्या बाजूवर पिठीसारखा पांढरा ठसा अमानिटाशी जुळतो, हिरवट ठसा क्लोरोफायलमशी आणि फिकट गुलाबी ठसा टर्मिटोमायसिसशी. हे ओळख पटवणाऱ्या तज्ज्ञाच्या मदतीसाठी आहे. ठसा उमटेपर्यंत रुग्णालयात जाणे लांबवू नये, आणि ठसा पाहून खाण्याचा निर्णय तर मुळीच घेऊ नये.

परदेशात राहणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

कॅलिफोर्निया आणि व्हिक्टोरियामध्ये ओकच्या झाडांखाली डेथ कॅप मुबलक उगवते. आशियातून गेलेल्यांना ती गावाकडच्या पेंढ्यावरील अळंबीसारखी वाटते आणि त्यातून अनेक बळी गेले आहेत. गावी शिकलेली ओळख तिथे चालत नाही. अमेरिकेत विष माहिती केंद्राचा क्रमांक १-८००-२२२-१२२२ आहे आणि ऑस्ट्रेलियात १३ ११ २६.

दुकानातील पाकीटबंद अळंबीचे काय?

बटण आणि धिंगरी या जाती शुद्ध बियाणे वापरून बंदिस्त जागेत वाढवतात, त्यामुळे त्यांत विषारी जाती मिसळण्याचा प्रश्न येत नाही. वास आलेली किंवा चिकट झालेली अळंबी मात्र खाऊ नये, कारण शिळेपणाची बाधा कोणत्याही भाजीतून होते.

रुग्ण बरा झाला. पुढे काय काळजी घ्यावी?

यकृत स्वतःची झीज भरून काढू शकते आणि प्रत्यारोपणाशिवाय वाचलेल्या बहुतेक रुग्णांचे यकृत काही आठवड्यांत पूर्ववत होते. डॉक्टर सांगतील त्या तारखांना एसजीपीटी, आयएनआर आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावे. तोवर दारू वर्ज्य करावी आणि कोणतेही औषध, काढा किंवा भस्म डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. घरात त्याच टोपलीतील वाळवलेली किंवा फ्रीजमध्ये ठेवलेली अळंबी उरली असेल, तर तज्ज्ञांसाठी एक नमुना राखून बाकीची खोल पुरून टाकावी, आणि ज्यांना त्यातील वाटा दिला होता त्या शेजाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे.